वाटीतले तूप आणि काट्यावरचे तूप : शंकरपाळ्यांच्या एका बिघडलेल्या खेपेचे प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी महिला बचत गटाने चालवलेल्या फराळाच्या उद्योगात, दिवाळीच्या तोंडावर घडलेले हे प्रकरण आहे. गट चिवडा, चकली, लाडू आणि शंकरपाळ्या ओळखीच्या घरांपुरत्या करीत आला होता, आणि त्या प्रमाणात कोणालाही काटा लागत नव्हता. त्या वर्षी एका पतसंस्थेने सभासदांना वाटण्यासाठी शंकरपाळ्यांची मोठी मागणी नोंदवली. पाकिटे अनेक, वजन ठरलेले आणि प्रत्येक पाकिटातील माल चवीला व खुसखुशीतपणाला एकसारखा हवा, अशी अट होती. पीठ वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या हातांनी मळले जाणार असल्यामुळे वाटीने लिहिलेली कृती वजनात उतरवून घ्यावी, असे गटाने ठरवले. हा निर्णय योग्यच होता. बिघाड झाला तो वजनात उतरवण्याच्या रीतीत, आणि त्यातही केवळ पातळ जिनसांच्या बाबतीत.

मूळ कृती गटातील ज्येष्ठ सदस्येची होती. तिला सगळ्या आक्का म्हणतात, म्हणून या टिपणातही तेच संबोधन ठेवले आहे. आक्कांची कृती बहुतेक मराठी घरांत असते तशीच होती : एक वाटी तूप, एक वाटी दूध, एक वाटी साखर, हे तिन्ही एकत्र गरम करून साखर विरघळली की एक उकळी आणायची, खाली उतरवून कोमट होऊ द्यायचे आणि मग त्यात मावेल तेवढा मैदा घालून पीठ मळायचे. तो मैदा साधारणपणे साडेपाच वाट्या बसतो, असा त्यांचा अनुभव होता. हिशेब पाहणाऱ्या तरुण सदस्येने आक्कांची पितळी वाटी मागून घेतली, ती काठोकाठ पाण्याने भरून मापाच्या भांड्यात ओतली आणि वाटीत १८० मिली मावते असे नोंदवले. कोरड्या जिनसांसाठी तिने अंदाज केला नाही. साखरेची सपाट वाटी काट्यावर १५३ ग्रॅम आणि मैद्याची साधारण १०० ग्रॅम भरली, तेच आकडे तिने लिहिले. तूप आणि दूध मात्र तिने तोलले नाही. वाटी १८० मिलीची आहे, म्हणजे तूप १८० ग्रॅम आणि दूध १८० ग्रॅम, असे तिने सरळ लिहून टाकले. शाळेत पाण्याच्या बाबतीत शिकलेले समीकरण, म्हणजे एक मिली बरोबर एक ग्रॅम, तिने सर्वच पातळ पदार्थांना लावले. ही समजूत इतकी सार्वत्रिक आहे की त्याबद्दल तिला दोष देणे उचित होणार नाही. छापील पाककृतींतही ‘२०० मिली (२०० ग्रॅम) तेल’ अशा नोंदी आढळतात.

या आकड्यांना २० ने गुणून एका खेपेचे कार्ड तयार झाले : मैदा ११ किलो, साखर ३ किलो ६० ग्रॅम, तूप ३ किलो ६०० ग्रॅम, दूध ३ किलो ६०० ग्रॅम.

पहिली खेप

मळताना काही वावगे जाणवले नाही, आणि हीच या प्रकरणातील फसवी बाजू आहे. पीठ सकाळी लवकर, गारव्यात मळले होते. गार झालेल्या तुपामुळे ते हाताला घट्ट आणि व्यवस्थित लागले. लाटताना कडा थोड्या फाटत होत्या, परंतु शंकरपाळीच्या पिठाच्या कडा थोड्याफार फाटतातच. पहिला घाणा कढईत पडला तेव्हा मात्र तेलावर फेस आला, शंकरपाळ्यांचे कोपरे झिजले, काही तुकडे तळाशी भुगा होऊन बसले, आणि ज्या टिकल्या त्या उचलताना बोटांत चुरल्या. अनारसा कढईत हसतो, म्हणजे विरघळून पसरतो, तसाच हा प्रकार होता. मोहन किंवा तूप प्रमाणाबाहेर गेले की मैद्याच्या कणांना एकमेकांशी बांधणारा चिकटपणा तयारच होत नाही, गरम तेलात आतले तूप वितळून बाहेर पडते आणि तुकड्याचा आकार धरून ठेवणारे काही उरत नाही.

गटाचा पहिला संशय तुपावर गेला. तूप नव्या व्यापाऱ्याकडून आणले होते, त्यामुळे त्यात भेसळ असावी असे सर्वांना वाटले. दुसरा संशय मैद्यावर आणि तिसरा कढईच्या आचेवर होता. तेल कमी तापले असेल तर शंकरपाळी तेल पिते व मऊ पडते हे खरे असले, तरी आच वाढवून काढलेला दुसरा घाणाही तसाच उतरला. तूप बदलून घ्यावे की मैदा बदलावा, यावर वाद सुरू असतानाच दुसऱ्या चुलीवरच्या मालातही बिघाड दिसू लागला, आणि त्यानेच तपासाची दिशा बदलली.

काकवीचा उलटा पुरावा

मागणीचा एक छोटा भाग गुळाच्या शंकरपाळ्यांचा होता. त्यात कणीक, तेलाचे मोहन आणि साखर-दुधाच्या जागी काकवी असते. या कृतीचे कार्डही त्याच रीतीने झाले होते : एक वाटी काकवी म्हणजे १८० ग्रॅम. ही खेप दहा पट होती, म्हणून काकवी १ किलो ८०० ग्रॅम घेतली गेली. येथे पीठ कोरडे राहिले, गोळा जमेना, म्हणून मळणाऱ्यांनी पाण्याचा हात लावत लावत बरेच पाणी घातले. तळलेल्या शंकरपाळ्या विरघळल्या नाहीत. उलट त्या कडक, वातड आणि कमी गोड झाल्या.

एकाच दिवशी, एकाच स्वयंपाकघरात एक माल अतिठिसूळ आणि दुसरा अतिकडक होतो, तेव्हा भेसळीचे तूप किंवा खराब मैदा हे स्पष्टीकरण अपुरे पडते. काकवीच्या कृतीत तूपही नव्हते आणि मैदाही नव्हता. दोन्ही कृतींत समान होते ते कार्ड, आणि कार्डावरच्या पातळ जिनसांच्या ओळी. प्रस्तुत लेखकाकडे ही कार्डे तपासायला आली ती या टप्प्यावर.

पाण्यापेक्षा हलक्या द्रवाचे जितके मिली तितके ग्रॅम धरले, तर तो द्रव गरजेपेक्षा जास्त पडतो. पाण्यापेक्षा जड द्रवाच्या बाबतीत तेच केले, तर तो कमी पडतो. तूप हलके आहे, काकवी जड आहे. समज एकच चुकीची होती, पण तिने एका पिठात तूप वाढवले आणि दुसऱ्या पिठातली काकवी काढून घेतली. चूक शोधणाऱ्याला याहून स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

डिग्रीवरून समजावणे

वजन म्हणजे आकारमान गुणिले घनता, हे सूत्र सांगून विषय संपवता आला असता, परंतु सूत्र पाठ होते आणि कढईपाशी ते आठवत नाही. या गटातील अनेक जणी सकाळ-संध्याकाळ गावच्या दूध संस्थेत दूध घालणाऱ्या होत्या, आणि तेथे लॅक्टोमीटरची ‘डिग्री’ रोज ऐकत होत्या. डिग्री २८ लागली म्हणजे ते दूध पाण्याच्या १.०२८ पट जड आहे, एवढाच त्या आकड्याचा अर्थ असतो. चांगल्या दुधाची घनता साधारण १.०२८ ते १.०३२ यांच्या दरम्यान असते. म्हशीच्या दुधाचा आकडा वरच्या बाजूला आणि गाईच्या दुधाचा खालच्या बाजूला लागतो. पाणी मिसळले की डिग्री उतरते, हे त्यांना माहीतच होते. दूध काट्यावर किलोत घेऊन लिटरमध्ये मांडताना १.०३ ने भागतात, हेही त्यांच्यापैकी दोघींनी सांगितले. मग तुपाला, तेलाला आणि काकवीलाही अशीच डिग्री असते आणि ती पाण्याच्या कोणत्या बाजूला आहे एवढे पाहायचे असते, हे समजायला वेळ लागला नाही.

व्यवहारापुरते आकडे असे धरले. खोलीच्या तपमानाला शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन यांसारख्या खाद्यतेलांची घनता ०.९१ ते ०.९२ असते, वितळलेल्या तुपाची ०.९० ते ०.९१, दुधाची १.०३, मधाची साधारण १.४. काकवीचा आकडा ती किती आटवली आहे यावर अवलंबून असतो. साखरेच्या द्रावणाचे आकडे पाहिले तर शंभर भागांत ७० भाग साखर असताना घनता सुमारे १.३५, आणि ७५ भाग असताना सुमारे १.३८ होते. गटाकडची काकवी दाट होती आणि ती काट्यावर १.३८ च्या जवळ आली. पाणी आपल्याकडच्या तपमानाला अगदी तंतोतंत १ भरत नाही, ३० अंश सेल्सिअसला ते ०.९९६ असते, पण स्वयंपाकात हा फरक कोणीही मनावर घेऊ नये.

गुणायचे की भागायचे हा गोंधळ प्रत्यक्षात सूत्रापेक्षा जास्त त्रास देतो. मिलीवरून ग्रॅम काढताना घनतेने गुणायचे, ग्रॅमवरून मिली काढताना भागायचे. परंतु त्याहून सोपी परीक्षा अशी की तेलातुपाचे ग्रॅम नेहमी मिलीपेक्षा कमी आले पाहिजेत, आणि दूध, मध, काकवी, पाक यांचे नेहमी जास्त. उत्तर उलटे आले तर क्रिया उलटी झाली आहे. तरुण सदस्येने ही ओळ कार्डाच्या मागे लिहून घेतली.

आता ही चूक किती मोठी होती ते मोजता येते. दुधात ती नगण्य होती : १८० मिली दूध म्हणजे सुमारे १८५ ग्रॅम, आणि कार्डावर १८० होते. काकवीत ती मोठी होती : १८० गुणिले १.३८ म्हणजे सुमारे २४८ ग्रॅम, म्हणजे वाटीमागे ६८ ग्रॅम आणि दहा पटीच्या खेपेत ६८० ग्रॅम काकवी कमी पडली. पीठ गोळा होईना यात नवल नव्हते. त्या तुटीची भरपाई पाण्याने केल्यामुळे कणकेतला चिकटपणा वाढला आणि माल वातड झाला. तुपाचे गणित मात्र येथे संपले नाही.

कोष्टकाला न दिसणारे तूप

कोष्टकाप्रमाणे १८० मिली तूप म्हणजे सुमारे १६३ ग्रॅम. वीस पटीला ३ किलो २६० ग्रॅम, म्हणजे पहिल्या खेपेत सुमारे ३४० ग्रॅम तूप जास्त पडले होते. हा आकडा दुरुस्त करून कार्ड पुन्हा लिहावे आणि प्रकरण मिटवावे, असा बहुतेकींचा कल होता. माझ्या मते तेथे थांबणे घाईचे झाले असते, कारण आक्का तूप वितळवून मोजत नाहीत. बरणीतले घट्ट, रवाळ तूप चमच्याने काढून त्या वाटीत भरतात आणि वरून बोटाने सपाट करतात. रवाळ तुपाच्या दाण्यांमध्ये आणि चमच्याने टाकलेल्या गोळ्यांमध्ये पोकळ्या राहतात. वाटी भरलेली दिसते, पण त्यात तूप आणि हवा दोन्ही असतात.

म्हणून आक्कांना नेहमीप्रमाणे वाटी भरायला सांगितले आणि ती काट्यावर ठेवली. रिकाम्या वाटीचे वजन आधीच काट्यावर शून्य करून घेतले होते. असे अनेकदा केल्यावर सरासरी १५२ ग्रॅम आली. काही वेळा ती १४८ होती, काही वेळा १५७. आक्का म्हणाल्या, “मी एवढी वर्षं एकसारखीच वाटी भरतेय,” आणि ते बऱ्याच अंशी खरे होते. इतक्या वर्षांच्या हाताचा फरक इतका थोडा राहावा, हेच विशेष. परंतु त्या हाताची वाटी १६३ ग्रॅमची नव्हती. पहिल्या खेपेत वाटीमागे १८० ग्रॅम तूप पडले, म्हणजे १५२ च्या तुलनेत २८ ग्रॅम किंवा सुमारे १८ टक्के जास्त, आणि वीस पटीला ५६० ग्रॅम. कोष्टकाने दुरुस्त केलेले कार्ड वापरले असते तरीही वीस पटीला २२० ग्रॅम तूप जास्तच राहिले असते. शंकरपाळ्या कदाचित विरघळल्या नसत्या, पण आक्कांच्या शंकरपाळ्यांसारख्याही झाल्या नसत्या, आणि कारण कोणालाही सापडले नसते.

येथे स्निग्ध पदार्थांच्या स्वभावाची आणखी एक बाजू लक्षात घ्यावी लागते. तूप गोठताना आकुंचन पावते. थंडीत बरणीतल्या तुपाच्या किंवा खोबरेल तेलाच्या पृष्ठभागी मध्यभागी पडलेली खळी त्याचीच आहे. म्हणजे पोकळ्या नसलेले गोठलेले तूप त्याच आकारमानाच्या वितळलेल्या तुपापेक्षा किंचित जडच भरायला हवे. आक्कांच्या वाटीचे वजन तरीही कमी भरले, यावरून पोकळ्या किती मोठा वाटा घेतात हे दिसते. ‘एक वाटी तूप’ या नोंदीसमोर ते वितळलेले की घट्ट, सपाट की शिगोशीग, हे लिहिलेले नसेल तर तिचे अचूक वजन कोणत्याही गुणकाने निघणार नाही. घनतेचे कोष्टक फक्त शुद्ध, सलग द्रवाबद्दल बोलते. वाटीत प्रत्यक्ष काय जाते ते काट्याने पाहावे लागते, आणि कोष्टकाचा उपयोग काट्याचे उत्तर वेडेवाकडे नाही ना हे तपासण्यापुरता करावा लागतो.

काकवीच्या बाबतीत याच कसोटीने नेमके उलट उत्तर मिळाले. काकवी वाटीला चिकटते, त्यामुळे ओतल्यावर वाटीत बरीच मागे राहील आणि पिठात जाणारे वजन २४८ पेक्षा कमी असेल असे वाटत होते. प्रत्यक्षात आक्का चिकटलेली काकवी चमचाभर कोमट पाण्याने विसळून तेही पिठात घालतात, त्यामुळे वाटीतली सगळीच काकवी पिठात जाते. तेथे कोष्टकाचा आकडा तसाच ठेवला, आणि विसळण्याचे चमचाभर पाणी कार्डावर वेगळे लिहिले.

या कृतीतल्या मोहनाबद्दलही दोन वाक्ये आवश्यक आहेत. तेल तापल्यावर फुगते. अर्धी वाटी म्हणजे ९० मिली तेल गार असताना मोजले तर ते सुमारे ८२ ग्रॅम असते, आणि कडकडीत तापवून मग वाटीने मोजले तर ७५ ग्रॅमच्या आसपास. मोहन ‘कडकडीत घालावे’ असे लिहिणाऱ्या कृतींत तेल तापवण्याआधी मोजायचे की नंतर, हे बहुधा लिहिलेले नसते. गार तेल तोलून मग तापवायचे ठरले, तेव्हा ही शंका उरली नाही.

आटलेले पाणी

दुरुस्त कार्डाप्रमाणे आधी घरगुती मापाची एक खेप केली. मैदा ५५० ग्रॅम, साखर १५३, तूप १५२, दूध १८५ ग्रॅम. ती आक्कांच्या नेहमीच्या शंकरपाळ्यांसारखी झाली. मग वीस पटीची खेप केली : मैदा ११ किलो, साखर ३ किलो ६० ग्रॅम, तूप ३ किलो ४० ग्रॅम, दूध ३ किलो ७०० ग्रॅम. ही खेप बिघडली नाही, पण किंचित कडक झाली. प्रमाण तेच असताना परिणाम वेगळा का, हा प्रश्न पहिल्या प्रश्नापेक्षा अधिक रंजक होता.

उत्तर दूध गरम करण्याच्या टप्प्यावर सापडले. घरी छोट्या पसरट पातेल्यात तूप, साखर व दूध यांना उकळी येईपर्यंत दुधातले बरेच पाणी वाफ होऊन जाते. पातेल्यासकट तोलून पाहिले तेव्हा ४९० ग्रॅमचे मिश्रण उकळीनंतर ४६८ ग्रॅम उरले होते. मोठ्या खोल पातेल्यात ९ किलो ८०० ग्रॅम मिश्रणातून मात्र केवळ १५० ग्रॅमच्या आसपास पाणी गेले, कारण द्रवाच्या मानाने उघडा पृष्ठभाग खूपच कमी होता आणि साखर विरघळताच पातेले उतरवले गेले होते. घरच्या हिशेबाने तेथे ९ किलो ३६० ग्रॅम उरायला हवे होते. राहिलेले सुमारे २९० ग्रॅम जास्तीचे पाणी मैद्यात गेले आणि शंकरपाळ्या कडक झाल्या.

हा दोष आकारमानाने पकडणे जवळजवळ अशक्य आहे. उकळते, फेसाळलेले, अर्धवट वितळलेल्या साखरेचे मिश्रण कोणत्याही मापाच्या भांड्यात नीट मोजता येत नाही; गरम असताना ते फुगलेले असते आणि त्यावरचा तुपाचा थर पातळी वाचू देत नाही. वजनाला तपमानाची आणि फेसाची पर्वा नसते. कार्डावर म्हणून नवी ओळ आली : मिश्रण ९ किलो ३६० ग्रॅमवर येईपर्यंत मंद आचेवर ठेवावे, पातेल्याचे वजन वजा करून. वजनी कृतीचा खरा फायदा मला येथे दिसतो. जिन्नस घेतानाचे वजन बरोबर असणे ही अर्धी गोष्ट झाली. मधल्या टप्प्यावर भांड्यात काय उरले आहे हे सांगणारे दुसरे साधन स्वयंपाकघरात नाही.

पंधराचे दोन डबे

प्रकरणाच्या निमित्ताने खरेदीच्या वहीतही एक गोष्ट उघड झाली. तळणीचे तेल गट डब्याने आणत असे आणि वहीत ‘तेल, १ डबा’ एवढीच नोंद असे. बाजारात पंधरा किलोचा डबाही असतो आणि पंधरा लिटरचाही. आकार जवळपास सारखा, नावही ‘पंधराचा डबा’ असेच. घनता ०.९१ धरली तर पंधरा लिटर म्हणजे १३ किलो ६५० ग्रॅम, आणि पंधरा किलो म्हणजे साधारण साडेसोळा लिटर. दोन डब्यांत १ किलो ३५० ग्रॅम तेलाचा फरक आहे. गटाने दोन्ही प्रकारचे डबे वेगवेगळ्या वेळी घेतले होते आणि किलोच्या डब्यापेक्षा लिटरचा डबा थोडा स्वस्त मिळाल्याचे समाधानही मानले होते. प्रत्यक्षात तो दर किलोमागे महाग होता. दर डब्यामागे किती शंकरपाळ्या तळल्या जातात, हा त्यांचा हिशेब कधीच जुळत नव्हता, त्याचे एक कारण हेच होते.

हा घोळ फक्त या गटाचा नाही. खाद्यतेलाच्या वेष्टनांवर आकारमानासोबत तपमान छापण्याची पद्धत होती, आणि काही उत्पादक ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत दाखवीत. तेल तापल्यावर फुगत असल्यामुळे जास्त तपमानाचा ‘एक लिटर’ म्हणजे कमी वजनाचे तेल. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये याची दखल घेतली तेव्हा सोयाबीन तेलाचे उदाहरण दिले होते : एक लिटर तेल २१ अंशांना ९१९.१ ग्रॅम भरते आणि ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. उत्पादकांनी तपमानाचा उल्लेख न करता आकारमान छापावे आणि त्यासोबत वजनही द्यावे, अशी सूचना विभागाने केली आणि वेष्टने बदलण्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. आज पिशवीवर ‘१ लिटर’ च्या शेजारी ‘९१० ग्रॅम’ असे दिसते. तुपाच्या एक लिटरच्या वेष्टनावरही ९०५ ग्रॅमच्या आसपासचा आकडा असतो. ज्या स्वयंपाकघरात घनतेचे कोष्टक नाही, तेथे वेष्टनावरचे हे दोन आकडे एकमेकांना भागले तरी गुणक हाती येतो. शाळेतल्या समीकरणावर विसंबण्याआधी तुपाच्या डब्यावरची बारीक अक्षरे वाचली असती, तर पहिल्या खेपेच्या चुकीतला मोठा भाग तेथेच टळला असता.

गटाने आता तेल व तूप दोन्ही किलोत नोंदवायला सुरुवात केली आहे, आणि दराची तुलना किलोमागेच होते. कढईत तेल ओतताना मात्र आकारमानाचे भान सोडता येत नाही. सुमारे १८० अंशांना तापलेल्या तेलाची घनता ०.८१ पर्यंत उतरते. म्हणजे गार असताना ५ लिटर असलेले तेल तापल्यावर ५.६ लिटर जागा व्यापते, आणि त्यात ओलसर शंकरपाळ्या पडल्या की फेसाने पातळी आणखी चढते. कढई किती भरायची हे काट्याला विचारून चालत नाही.

आक्कांचा आक्षेप आणि कार्डाचे अंतिम रूप

या सगळ्या खटाटोपावर आक्कांचा आक्षेप होता, आणि तो नुसता जुन्या वळणाचा हट्ट म्हणून बाजूला ठेवण्यासारखा नव्हता. त्यांचे म्हणणे असे की त्यांच्या वाटीने कधी माल बिघडला नाही. बिघडला तो काटा आल्यावर. हे खरे आहे, आणि त्याची दोन कारणे आहेत. वाटीची कृती हे आकारमानांचे गुणोत्तर असते. तूप, दूध, साखर एकाच वाटीने मोजले, तर वाटी १२० मिलीची असो की २०० ची, गुणोत्तर टिकते, आणि प्रत्येक जिनसाची घनता त्या गुणोत्तरात आपोआप सामावलेली असते. शिवाय मैदा ‘मावेल तेवढा’ असल्यामुळे तूप-दुधातली कमीजास्ती मळणारा हात भरून काढतो. गटाच्या पहिल्या कार्डाने हे दोन्ही आधार एकदम काढून घेतले. साखर व मैदा खऱ्या वजनात, तूप व दूध आकारमानाच्या आकड्याला ग्रॅमचे नाव देऊन, आणि मैद्याचे वजन ठरवून टाकलेले. वाटीची कृती पूर्ण वाटीत ठेवावी किंवा पूर्ण काट्यावर न्यावी. अर्धी इकडे अर्धी तिकडे ठेवली की ती दोन्ही बाजूंनी तुटते. घरासाठी, चार माणसांच्या शंकरपाळ्यांसाठी, मी आक्कांच्या वाटीच्याच बाजूने आहे.

मागच्या पिढ्यांना हा भेद चांगला कळत होता. धान्य मापटे-पायलीने मापले जाई आणि किराणा माल छटाक-शेराने तोलला जाई. मापी शेर वेगळा आणि वजनी शेर वेगळा, हे कोणाला समजावून सांगावे लागत नसे. वजन-मापांच्या १९५६ च्या कायद्यानंतर दशमान पद्धती आली, आणि पाण्यासाठी एक लिटर बरोबर एक किलो हे तिचे सोयीचे नातेच पुढे तेलातुपालाही लावले जाऊ लागले.

अंतिम कार्डावर पातळ जिनसांसह सर्व मुख्य जिन्नस ग्रॅममध्ये आहेत. तूप घट्ट की वितळलेले, हे आता महत्त्वाचे राहिलेले नाही, कारण तोलताना दोन्ही सारखेच. दूध पिशवीतून आले तर अर्ध्या लिटरची पिशवी ५१५ ग्रॅम धरायची, पण भांड्यात ओतून तोलायचे. काकवीच्या बाबतीत मात्र कार्डाला एक अट जोडावी लागली. वेगवेगळ्या गुऱ्हाळांची काकवी कमीजास्त आटवलेली असते. वजन तेच घेतले तरी पातळ काकवीत पाणी जास्त आणि गूळ कमी येतो, म्हणजे येथे वजनही पूर्ण विश्वासार्ह नाही. म्हणून नवा डबा उघडला की आक्कांची तीच १८० मिलीची वाटी काकवीने भरून तोलायची. वजन २४८ ग्रॅमच्या आसपास आले तर कार्ड जसेच्या तसे. ते २४० च्या खाली असेल तर काकवी वापरण्यापूर्वी मंद आचेवर थोडी आटवून, गार करून पुन्हा वाटीने तपासायची. ज्या वाटीला काट्याने बाजूला सारले, असे वाटत होते, ती या एका कामासाठी काट्याशेजारीच ठेवलेली आहे.

वेलचीपूड, मीठ आणि मैद्यावर शिंपडायचे दोन चमचे दूध यांची वजने कार्डावर लिहिलेली नाहीत. गटाचा काटा ३० किलोचा आहे आणि तो पाच-पाच ग्रॅमनेच पुढे सरकतो. पाच मिलीच्या चमचाभर द्रवाला त्यावर शून्य, पाच किंवा दहा यांपैकी कोणतेही उत्तर मिळू शकते. तेवढ्यासाठी मापाचा चमचाच अधिक खरा आहे, आणि तो कार्डाला दोऱ्याने बांधून ठेवला आहे.